नाणेलेख संहिता का मानावा? : अँग्लो-सॅक्सन रूनांकित नाण्यांच्या निमित्ताने

१

वाङ्मयेतिहासाचा अभ्यासक नाण्याकडे सहसा पुरावा म्हणून पाहतो. एखाद्या राजाचा काळ ठरवायचा असला, एखाद्या ग्रंथातील उल्लेखाला आधार हवा असला, की नाणे तळटीपेत अवतरते आणि काम झाले की तेथेच राहते. नाण्यावरची अक्षरे कोणीतरी, एका विशिष्ट लिपीत आणि एका विशिष्ट भाषेत लिहिलेली असतात; ती लिहिताना त्याने काही निवडलेले आणि काही टाळलेले असते. ही साधी गोष्ट या व्यवहारात नजरेआड होते. ग्रंथ, हस्तलिखित, शिलालेख, ताम्रपट अशी साधनांची उतरंड आपण मनाशी पक्की केलेली असते आणि तिच्या तळाशी नाणेलेखाला जागा दिलेली असते. लेख आखूड, म्हणून त्याला संहितेचा दर्जा नाही, असा एक न मांडलेला सिद्धान्त यामागे आहे.

या सिद्धान्ताची परीक्षा घेण्यास अत्यंत सोयीचे असे एक क्षेत्र इंग्रजी भाषेच्या आरंभकाळात सापडते. इ.स.च्या सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आठव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडच्या पूर्व व आग्नेय भागांत चांदीची जी छोटी नाणी पाडली गेली, त्यांपैकी काहींवर रून लिपीतील लेख आहेत. तीन अक्षरांपासून आठ-नऊ अक्षरांपर्यंत त्यांची लांबी. बहुतेक लेख म्हणजे एकेक व्यक्तिनाम. एवढ्याशा लेखांवर गेली दोन शतके विद्वानांनी जे वाचन लादले, ते पाहिले म्हणजे प्रश्न लेखाच्या आखूडपणाचा नसून वाचकाच्या पूर्वग्रहाचा आहे, हे ध्यानात येते. हे पूर्वग्रह मुख्यतः दोन. एक, नाण्यावरचे नाव राजाचेच असले पाहिजे. दुसरा, रून लिपी दिसली की तेथे मंत्रतंत्र किंवा ख्रिस्तपूर्व धर्माचा अवशेष असलाच पाहिजे. हे दोन्ही पूर्वग्रह या नाण्यांनीच खोडून काढले आहेत. ते कसे, हे पाहणे पाठचिकित्सेच्या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

२

प्रथम वस्तुस्थिती. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये सोन्याची लहान नाणी पाडली जाऊ लागली. पुढे सोन्यात चांदीची भेसळ वाढत गेली आणि सुमारे ६७५ च्या सुमारास सोन्याची जागा पूर्णतः चांदीने घेतली. ही चांदीची नाणी जेमतेम बारा मिलिमीटर व्यासाची, वजनाने एक ग्रॅमच्या थोडी पुढे-मागे, पण जाडीने भरीव. नाणकशास्त्रात त्यांना ‘स्कॅट’ हे नाव रूढ झाले आहे. हे नावच मुळात एका चुकीच्या वाचनातून आले. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यांत हा शब्द सोन्याच्या एका अल्प वजनाला उद्देशून येतो. उत्तरकालीन पुराणवस्तुप्रेमींनी तो या चांदीच्या नाण्यांना चिकटवला. ती नाणी वापरणारे लोक त्यांना बहुधा ‘पेनी’च म्हणत असावेत, असे आज मानले जाते. नामकरणापासूनच या क्षेत्रात ग्रंथातला शब्द वस्तूवर बसवण्याची घाई दिसते, हे येथे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

या नाण्यांचे अक्षरवार गट स्टुअर्ट रिगोल्ड यांनी पाडले आणि ते आजही वापरात आहेत. मायकेल मेटकाफ यांनी १९९३-९४ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील नाण्यांच्या निमित्ताने सर्व गटांचा विस्तृत आढावा घेतला. रूनांकित नाण्यांचे स्वतंत्र सर्वेक्षण मार्क ब्लॅकबर्न यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. नाण्यांवरील प्रतिमांचा अभ्यास ॲना गॅनन यांनी २००३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. शेतांत धातुशोधक यंत्रे घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींमुळे गेल्या चार-पाच दशकांत सापडलेल्या नाण्यांची संख्या प्रचंड वाढली, आणि जुनी अनेक मते त्या संख्येच्या भाराखाली कोसळली.

रूनांकित नाण्यांचे प्रमुख प्रवाह तीन. पहिला ‘पादा’ या नावाचा. फिक्या सोन्यापासून चांदीपर्यंतचे संक्रमण याच नावाखाली घडलेले दिसते. दुसरा ‘एपा’ या नावाचा. हे नाव कधी ‘एपा’ तर कधी ‘ॲपा’ असे लिहिलेले आढळते. ‘क’ अथवा ‘सी’ म्हणून ओळखला जाणारा गट आणि ईस्ट अँग्लियाचा ‘आर’ गट यांवर ते येते. याच ‘आर’ गटाच्या उत्तरकालीन नाण्यांवर ‘विग्रॅड’, ‘टिलबर्ख्त’ अशी अन्य नावे प्रकटतात. तिसरा प्रवाह आठव्या शतकाच्या मध्यावरील, ईस्ट अँग्लियाचा राजा बेओना याच्या नाण्यांचा. त्यांच्या एका बाजूस राजाचे नाव व पदवी आणि दुसऱ्या बाजूस एफे, वेरफर्थ, विल्रेड यांसारखी नाणे पाडणाऱ्यांची नावे असतात.

३

आता पहिला पूर्वग्रह. ‘पादा’ हे नाव वाचले जाताच विद्वानांना मर्सियाचा राजा पेंडा याचा पुत्र पेआडा आठवला. बीडच्या इतिहासात पेआडाची कथा आहे. त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, नॉर्थम्ब्रियाच्या राजाच्या कन्येशी विवाह केला आणि ६५६ मध्ये त्याचा घात झाला. कथेला नाट्य होते, नाण्याला नाव होते. दोहोंची सांगड घालण्याचा मोह अनावर होता. पुढे नाण्यांतील सोन्याचे प्रमाण मोजले गेले, नाणेसंचयांतील त्यांचे शेजारी तपासले गेले आणि ती पेआडाच्या मृत्यूनंतरच्या काळातली ठरली. शिवाय ती केंटच्या परिसरातली. मर्सियाशी त्यांचा संबंध जोडणे कठीण. ‘पादा’ हा राजा नव्हता. तो नाणे पाडून घेणारा वा पाडणारा अधिकारी होता, हे आज सर्वमान्य आहे.

‘एपा’चे तेच झाले. या तीन अक्षरांत कोणी ना कोणी राजा दडलेला आहे अशा समजुतीने जुन्या अभ्यासकांनी राजांच्या यादीतून मिळतीजुळती नावे धुंडाळली. रूनांत ‘ॲथिलिरॅड’ असा लेख असलेल्या नाण्यांचा समूह तर मर्सियाचा राजा एथेलरेड (६७५-७०४) याच्या पदरात सहजच टाकला गेला. नावात साम्य होते आणि काळही जवळपास जुळत होता. पण त्या लेखात राजपदवी नाही. समकालीन इतर रूनांकित नाण्यांवर जर नाणेकारांची नावे येत असतील, तर एकट्या या नावालाच राजाचे मानण्यास नामसादृश्याखेरीज आधार उरत नाही. एथेलरेड हे नाव त्या काळी काही राजकुलाच्या मालकीचे नव्हते.

या चुकांचे मूळ नाणकशास्त्रात नाही, इतिहासलेखनाच्या सवयीत आहे. इतिहास म्हणजे राजांची मालिका, हे गृहीत धरले की प्रत्येक सुट्या नावाला त्या मालिकेत खुंटी शोधली जाते. ज्या नावाला खुंटी सापडत नाही ते नाव ‘अज्ञात’ म्हणून बाजूला पडते. वस्तुतः येथे जे मिळाले आहे ते राजापेक्षा दुर्मीळ आहे. राजांची नावे बीडने लिहून ठेवली, मठांतील लेखकांनी वंशावळींत जपली. पण ज्याच्या देखरेखीखाली चांदी वितळली, तोलली आणि ठशाखाली गेली, अशा माणसाचे नाव त्या काळच्या कोणत्याही ग्रंथात येत नाही. पादा, एपा, टिलबर्ख्त, विग्रॅड ही नावे आज आहेत ती केवळ नाण्यांमुळे. ती खोडून त्यांच्या जागी राजाचे नाव वाचणे म्हणजे एका दुर्मीळ पाठाला दूर सारून सुलभ पाठ स्वीकारणे होय. हस्तलिखितांच्या बाबतीत हा दोष कोणताही पाठचिकित्सक क्षमा करणार नाही. नाण्यांच्या बाबतीत तो दीर्घकाळ पांडित्य म्हणून खपला.

४

दुसरा पूर्वग्रह अधिक चिवट आहे. ‘रून’ या शब्दाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ गुप्त गोष्ट, खलबत असा आहे. एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक वृत्तीच्या विद्वानांनी या अर्थाला लिपीच्या स्वभावाचे वर्णन मानले आणि प्रत्येक रूनाक्षरात मंत्रशक्ती कल्पिली. इंग्लंडमधील रून लेखांचे साक्षेपी अभ्यासक रेमंड पेज (१९२४-२०१२) यांनी रूनविद्येतील अभ्यासकांचे कल्पक आणि साशंक असे दोन वर्ग केले आणि स्वतःची गणना दुसऱ्या वर्गात केली. त्यांचा १९७३ चा प्रास्ताविक ग्रंथ, आणि त्याची १९९९ ची सुधारित आवृत्ती, हा साशंकतेचा वस्तुपाठच आहे. पेज यांनी मंत्राची शक्यता सरसकट नाकारली नाही. ज्याला मंत्र म्हणायचे आहे त्याने तसे सिद्ध करावे, एवढीच त्यांची मागणी होती.

नाण्यांच्या संदर्भात तर हे सिद्ध करणे अशक्यच आहे. नाणे ही बाजारात हातोहात फिरणारी वस्तू. तिच्यावर गुप्त काय राहणार? रून लिपी म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्म हे समीकरणही पुराव्यापुढे टिकत नाही. ६९८ मध्ये संत कथबर्ट यांच्या अवशेषांसाठी घडवलेल्या लाकडी पेटिकेवर पवित्र नावे कोरलेली आहेत, ती काही रोमन लिपीत आणि काही रूनांत. रथवेल येथील भव्य पाषाणक्रूसावर ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयीचे काव्य रूनांत कोरलेले आहे. इतकेच काय, मठांतील लेखकांना रोमन वर्णमालेत जे ध्वनी लिहिता येईनात त्यांसाठी त्यांनी ‘थॉर्न’ आणि ‘विन’ ही दोन रूनाक्षरे उचलून थेट धर्मग्रंथांच्या लेखणीत आणली. लिपी धर्माची शत्रू असती तर हे घडले नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट भूगोलाची. नॉर्थम्ब्रियात रून लेखांची परंपरा समृद्ध होती. कथबर्टची पेटिका आणि रथवेलचा क्रूस दोन्ही त्याच सांस्कृतिक प्रदेशातले. तरीही नॉर्थम्ब्रियाचा राजा अल्डफ्रिथ (६८५-७०४) याच्या चांदीच्या नाण्यांवर रोमन अक्षरे आहेत. उलट ईस्ट अँग्लियात नाण्यांवर रूनांची परंपरा शतकभर टिकली. म्हणजे एखाद्या प्रदेशात रून जाणणारे लोक होते की नव्हते, यावर नाण्याची लिपी ठरत नव्हती. विशिष्ट टांकसाळीत विशिष्ट कामासाठी कोणती लिपी वापरायची याची रीत ठरलेली होती. ही रीत म्हणजे व्यवहारातील साक्षरता होय. धर्मश्रद्धेचे मोजमाप तिच्यावरून करता येत नाही.

५

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप असा : ही नाणी हाताळणाऱ्या शेतकरी-व्यापाऱ्यांपैकी किती जणांना अक्षरे वाचता येत होती? जर जवळजवळ कोणालाच येत नसतील, तर नाण्यावरील अक्षरे हा नक्षीचाच एक भाग ठरतो. मग त्यांना संहिता कसे म्हणावे?

या आक्षेपाला बळ देणारा पुरावाही आहे. ‘एपा’च्या नाण्यांची नक्कल समुद्रापलीकडे फ्रिजियात झाली, आणि त्या नकलांवर रूनांसारख्या दिसणाऱ्या रेघा आहेत, पण त्यांचे वाचन हळूहळू विस्कटत जाते. नक्कल करणाऱ्याला अक्षर कळत नव्हते. त्याला आकार तेवढा दिसत होता. मूळ इंग्लिश नाण्यांवरही असा अक्षराभास आहे, मात्र तो रूनांत नसून रोमन अक्षरांत आहे, आणि हेच विशेष विचारणीय आहे. रोमन सम्राटाच्या नाण्यांवरून घेतलेला मुकुटधारी चेहरा एका बाजूस आणि रोमन ध्वजाचा चौकोन दुसऱ्या बाजूस, असा या नाण्यांचा साचा. मूळ रोमन ध्वजावर सम्राटाच्या राज्यकालाशी निगडित नवसाचा लेख असे. इंग्लिश नाण्यावर त्याचे ‘टी, ओ, टी, आय, आय’ असे अर्थशून्य अवशेष उरले. ‘ए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटात चेहऱ्यासमोर ‘टी, आय, सी’ ही अशीच निरर्थक अक्षरे आहेत. आणि त्याच साच्याच्या ‘सी’ गटात, चेहऱ्यासमोरच्या नेमक्या त्याच जागी, ती निरर्थक रोमन अक्षरे काढून रूनांत ‘एपा’ कोरलेले आहे.

हा बदल ध्यानपूर्वक पाहण्यासारखा आहे. एका चौरस इंचाच्याही पाव भागात दोन लिपी शेजारी नांदतात. प्रतिष्ठेची, साम्राज्याची, धर्मग्रंथांची लिपी येथे मुकी आहे. तिला केवळ शोभेचे काम आहे. ज्या लिपीला ‘गूढ’ म्हटले गेले तीच येथे बोलते, आणि अत्यंत सरळ बोलते : एका माणसाचे नाव सांगते. मंत्रच शोधायचा असेल तर तो या नाण्यावरील रोमन अक्षरांत शोधावा, कारण अर्थ न कळता केवळ प्रभावासाठी वापरलेली अक्षरे तीच आहेत.

आक्षेपाचे उत्तर याच निरीक्षणाच्या पुढच्या टप्प्यात आहे. अक्षरे नक्षी म्हणून वापरली जात असतील तर ती नकलेगणिक झिजत जातात. फ्रिजियातील नकलांत नेमके तेच होते. पण ईस्ट अँग्लियात झीज होत नाही, बदल होतो. तोच चेहरा, तोच साचा, तीच जागा. पण ‘एपा’ जाऊन तेथे ‘टिलबर्ख्त’ येते, ‘विग्रॅड’ येते. तीन अक्षरांच्या जागेत सात-आठ अक्षरे दाटीवाटीने बसवली जातात. नक्षी म्हणून पाहणाऱ्याला असे करण्याचे काहीच कारण नाही. ज्याला ती जागा ‘नावाची जागा’ आहे हे ठाऊक आहे आणि माणूस बदलला की नाव बदलले पाहिजे असे ज्याला वाटते, तोच हे करील. नक्कल आणि लेखन यांतील सीमारेषा इतकी स्वच्छ दाखवणारे उदाहरण हस्तलिखितांच्या जगातही सहज मिळत नाही.

मग हा लेख वाचत कोण होते? बाजारातील प्रत्येक जण वाचत असण्याची आवश्यकता नाही. चांदीच्या कसाची जबाबदारी कोणाची, हे ज्यांना जाणून घेणे भाग होते, ते वाचत असले तरी पुरे. दहाव्या शतकात राजा अथेलस्टन याच्या कायद्यात खोटे नाणे पाडणाऱ्याचा हात तोडून तो टांकसाळीवर लटकवण्याची शिक्षा सांगितली आहे. एपाचा काळ त्याच्या दोन शतके आधीचा. तेव्हा असाच कायदा होता असे म्हणता येणार नाही. पण नाव आणि उत्तरदायित्व यांचा सांधा नाण्याच्या व्यवहारातच अंगभूत आहे, आणि त्या सांध्याची सुरुवात या रूनांकित नावांत दिसते, असे मानणे अवाजवी ठरू नये. थोड्या वाचकांसाठी लिहिलेला लेखही लेखच असतो. मध्ययुगातील बहुतेक सर्व ग्रंथ थोड्या वाचकांसाठीच लिहिले गेले होते.

६

संहिता म्हणून या लेखांचे मूल्य भाषाभ्यासकाला अधिक जाणवेल. प्राचीन इंग्रजीतील सर्वांत जुनी मानली जाणारी रचना म्हणजे एथेलबर्टचे कायदे. ते सातव्या शतकाच्या आरंभीचे, पण आज उपलब्ध असलेली त्यांची एकमेव प्रत बाराव्या शतकातील आहे. मध्ये पाचशे वर्षे. त्या पाच शतकांत किती हातांनी किती शब्दांचे वर्णलेखन आपल्या काळाला जुळते करून घेतले, याचा हिशेब मांडण्यातच भाषाशास्त्रज्ञांची बरीच शक्ती खर्च होते. कॅडमनच्या स्तोत्राची सर्वांत जुनी प्रत सुमारे ७३७ ची. ‘पादा’ आणि ‘एपा’ यांची नाणी त्याहून आधीची आहेत, आणि त्यांच्यामध्ये व वाचकामध्ये एकही लेखनिक उभा नाही. ठसा कोरणाऱ्याने जे कोरले तेच आज हाती येते. प्रत, उपप्रत, प्रक्षेप, संस्करण ही सारी मध्यस्थी येथे गळून पडते.

उदाहरणार्थ, ‘एपा’ आणि ‘ॲपा’ हा पाठभेद घ्यावा. मूळ चोवीस अक्षरांच्या जर्मानिक रूनमालेत एकच ‘अ’ होता. इंग्लंड व फ्रिजियाच्या किनाऱ्यांवर बोलीतील स्वर बदलले तसे त्या एका अक्षराचे तीन झाले. ‘ओस’ हे ‘ओ’साठी, ‘आक’ हे ‘आ’साठी आणि ‘ॲश’ हे ‘ॲ’साठी. ही वाढ पुढे चालू राहिली. टेम्स नदीत सापडलेल्या, ब्रिटिश म्युझियममधील सुप्रसिद्ध सुरीवर अठ्ठावीस अक्षरांची माला कोरलेली आहे. स्वर बदलला म्हणून अक्षर घडवणारी ही लिपी ध्वनीच्या बाबतीत किती जागरूक होती, हे यावरून कळते. ‘एपा’ नावाचा पहिला स्वर कधी ‘ए’च्या रूनाने तर कधी ‘ॲश’ने लिहिला जातो आणि शेवटचा स्वर ‘आक’ने. हा भेद दोन उच्चारांचा आहे, दोन कारागिरांच्या लेखनरीतींचा आहे, की दोन टांकसाळींचा, याविषयी मतभेद होऊ शकतात. पण हा भेद मोलाचा पाठभेद आहे आणि त्याची नोंद संहितेच्या पाठभेदांसारखीच झाली पाहिजे, याविषयी मतभेद होऊ नयेत. जुन्या सूचींत ‘एपा’ असे एकच शीर्षक देऊन दोन्ही रूपे त्याखाली एकवटली गेली, तेव्हा सोय झाली. भाषेचा पुरावा मात्र झाकला गेला.

बेओनाच्या नाण्यांनी तर याहून पुढचा धडा दिला. हा राजा ग्रंथांतून जवळजवळ नाहीसाच झालेला होता. ७४९ मध्ये ईस्ट अँग्लियाचे राज्य वाटून घेतले गेल्याच्या एका उत्तरकालीन नोंदीत त्याचे नाव ‘हुनबेआना’ अशा संशयास्पद रूपात येते, एवढेच. त्याची नाणीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. नॉरफोकमधील मिडल हार्लिंग येथे १९८० नंतर पन्नासांहून अधिक नाण्यांचा संचय उजेडात आला आणि चित्र पालटले. या नाण्यांवर राजाचे नाव कधी संपूर्ण रूनांत, तर कधी एकाच शब्दात रून आणि रोमन अक्षरे मिसळून लिहिलेले आहे. नाणेकारांपैकी एफेचे नाव रोमन अक्षरांत येते, तर विल्रेडचे रूनांत. ‘रेक्स’ ही पदवी लॅटिन. तिच्या शेजारी नाव देशी. एका राजाच्या, एकाच दशकाच्या आसपासच्या नाण्यांत लिपीचा इतका मोकळा संकर दिसतो. दोन लिपी म्हणजे दोन संस्कृतींचा संघर्ष, अशी मांडणी करणाऱ्यांना हा संकर अडचणीचा आहे. ज्याने तो केला त्याला मात्र त्यात काही अडचण वाटलेली दिसत नाही. त्याच्या हातात दोन वर्णमाला होत्या आणि त्याने दोन्ही वापरल्या.

हेही नमूद केले पाहिजे की पुराव्याच्या मर्यादा येथे कठोर आहेत. ‘स्कानोमोदू’ असा रून लेख असलेले एक सुवर्णनाणे, जे रोमन सम्राट होनोरियस याच्या नाण्याची नक्कल आहे, ते इंग्लंडचे की फ्रिजियाचे हा वाद अजून मिटलेला नाही. एका नावावरून भाषा ठरवणे धोक्याचे, हे त्याने शिकवले आहे. लेख आखूड असला की त्याचा संदर्भ अधिक काटेकोरपणे बांधावा लागतो : धातूचा कस, ठशांची परस्परसंगती, सापडण्याचे ठिकाण, शेजारची नाणी. म्हणजे आखूड संहितेला अधिक पाठचिकित्सा लागते, कमी नव्हे. तिला संहिता न मानण्याचे कारण म्हणून आखूडपणा पुढे करणे हा मुळातच उलटा युक्तिवाद आहे.

७

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात मर्सियाच्या ऑफा राजाने पातळ, रुंद नव्या पेनीचा प्रसार केला. त्या नाण्यावर राजाचे नाव रोमन अक्षरांत ठळकपणे आले. ईस्ट अँग्लियातील काही नाणेकारांनी आपली नावे त्यानंतरही काही काळ रूनांत लिहिली. नवव्या शतकात तीही रीत मावळली. यात रून लिपीचा ‘पराभव’ पाहण्यापेक्षा नाण्याच्या प्रयोजनात झालेला बदल पाहणे अधिक सयुक्तिक. नाणे हे नाणेकाराच्या हमीपत्रापासून राजाच्या घोषणापत्राकडे सरकले, आणि घोषणेसाठी खंडभर ओळखली जाणारी लिपी आवश्यक झाली.

मराठीच्या अभ्यासकाला या साऱ्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे संभवतो. मराठी वाङ्मयेतिहासाने कोरीव लेखाला संहितेचा मान फार पूर्वी दिला आहे. श्रवणबेळगोळ आणि अक्षी येथील लेखांच्या कालनिश्चितीवर अनेक दशके जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती की लेखनिकांच्या परंपरेतून न आलेला एखादा वाक्यखंडही भाषेच्या इतिहासात पोथीइतका बोलका असू शकतो. ज्ञानेश्वरीच्या पाठाचा विचार करणाऱ्याला एकनाथांच्या शके १५०६ च्या शुद्धीकरणामागे पाहणे किती दुष्कर असते, हे ठाऊक आहे. मूळ हस्ताचे मोल त्याला वेगळे सांगावे लागत नाही. नाण्यांना मात्र हा मान क्वचितच मिळतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाचे नाव ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपींत आहे, आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला आहे. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे विस्कटून नक्षी होतात आणि ब्राह्मी लेख वाचनीय राहतो. ईस्ट अँग्लिया आणि पश्चिम भारत यांचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा प्रयत्नही व्यर्थ ठरेल. पण प्रतिष्ठित परकी लिपी मुकी होणे आणि जवळची लिपी बोलत राहणे, ही घटना दोन्हीकडे वाचता येते. ती वाचण्याची पद्धतही एकच आहे. जोगळटेंभीची नाणी राजकीय इतिहासात एका युद्धाचा पुरावा म्हणून सर्वांना परिचित आहेत. लिपींच्या सहवासाची संहिता म्हणून ती पदव्युत्तर वर्गात क्वचितच उघडली जातात.

तेव्हा मागणी एवढीच की पाठचिकित्सेच्या अध्यापनात नाणेलेखाला त्याचे योग्य स्थान मिळावे. विद्यार्थ्याला पोथीतील दहा पाठभेदांचा सराव देताना एखाद्या नाण्याचा तीन अक्षरी लेखही द्यावा आणि त्याला चार प्रश्न विचारावेत : हे कोरणाऱ्याला अक्षरे येत होती, की तो आकार गिरवत होता? ही लिपी का, दुसरी का नव्हे? हे नाव कोणाचे असू शकते? आणि ते राजाचेच असावे असे वाटण्याचे कारण लेखात आहे, की वाचणाऱ्याच्या मनात? चौथा प्रश्न सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयुक्त. पादाला पेआडा करणाऱ्या विद्वानांकडे रूनांचे ज्ञान होते, इतिहासाचे ज्ञान होते. त्यांनी हा एक प्रश्न विचारला नाही. त्यामुळे ज्या माणसाने आपले नाव चांदीवर स्पष्ट लिहून ठेवले होते, त्याला स्वतःच्या नावाने ओळखले जाण्यासाठी बाराशे वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले.